सतरा अंकी संख्येशी ओळख कशी करून घ्यायची

१२३४५६७८९८७६५४३२१. ही संख्या समोर ठेवून कुणी म्हणालं, 'हिच्याबद्दल जे सांगता येईल ते सांगा', तर नवखा माणूस मोबाइल काढतो आणि २, ३, ५, ७ असं भागत सुटतो. त्यात चुकीचं काही नाही, पण ते अंधारात चाचपडणं झालं. मोठी संख्या आधी नुसती बघायची. मग बेरजा-वजाबाक्या. भागाकाराची पाळी अगदी शेवटी, आणि तीही कमीत कमी वेळा. या लेखात तेच करून दाखवतो. चौकटीची वही, पेन्सिल आणि आठवीपर्यंतचं गणित एवढ्यावर काम भागेल. एकाच ठिकाणी थोडं पुढचं लागेल. ते तिथे सांगेन.

हीच संख्या का? तर ती आपल्या मध्य रेल्वेवरची आहे. १९०५ साली डहाणूत जन्मलेले आणि देवळालीला शाळामास्तर म्हणून आयुष्य काढलेले द. रा. कापरेकर यांनी १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा चढत्या-उतरत्या संख्यांना डेम्लो संख्या म्हटलं. डेम्लो हे त्या वेळच्या जी.आय.पी. रेल्वेवरचं, मुंबईपासून तीसेक मैलांवरचं स्टेशन, म्हणजे आजचं डोंबिवली. या संख्यांचा विचार त्यांना तिथे सुचला. आज सकाळी आठच्या सुमारास त्या फलाटावर कुणाला काही सुचलंच, तर ते लक्षात ठेवून गाडीत शिरायचं कसं, हा प्रश्न वेगळा. आपली संख्या त्याच कुळातली, ९ पर्यंत चढून परत उतरणारी.

आधी नीट लिहून घ्या

एका चौकटीत एक अंक. मोठ्या संख्येच्या निम्म्याअधिक चुका उतरवून घेतानाच होतात. मग स्वल्पविराम द्या. वाचायला आपली नेहमीची पद्धत: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. शेपटाकडचं '९८ कोटी ७६ लाख ५४ हजार ३२१' सगळ्यांना वाचता येतं. त्याच्या डावीकडे अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य अशी एकेका स्थानाची नावं आहेत, 'लीलावती'त दिलेली. आपल्या संख्येचा पहिला १ 'मध्य' स्थानावर येतो. आणखी एक अंक वाढला असता तर परार्ध झाला असता.

आकडेमोडीसाठी मात्र उजवीकडून तीन-तीनचे गट पाडा: १२ ३४५ ६७८ ९८७ ६५४ ३२१. ही मांडणी वहीत मोठ्या अक्षरांत ठेवा, पुढे सारखी लागणार आहे.

इथेच एक सावधगिरी. ही संख्या एक्सेलमध्ये टाकली तर ती १२३४५६७८९८७६५४३०० होते. एक्सेल पहिले १५ अंक जपतं आणि बाकीच्यांच्या जागी शून्य ठेवतं. तुम्हाला पत्ता लागत नाही, आणि विषम संख्या डोळ्यांदेखत १०० ने भाग जाणारी होऊन बसते. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये शेवटच्या १ चा ० होतो. संगणकावर पडताळायचंच असेल तर पायथन वापरा. तिथे पूर्णांक कितीही लांब असला तरी अचूक राहतो. साध्या कॅल्क्युलेटरचा तर विषयच नको, बहुतेकांच्या पडद्यावर सतरा अंक मावतच नाहीत.

मग नुसतं बघा

शेवटी १ आहे, तेव्हा २ आणि ५ बाद. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, संख्या तीच. अशा उलटसुलट सारख्या संख्येतले अंक मोजून घ्यावेत, कारण अंकांची संख्या सम असेल तर ११ ने नक्की भाग जातो (१२२१, ४५५४, कुठलीही घ्या). आपले सतरा आहेत, म्हणून फुकटात काही मिळत नाही. एक आड एक अंकांची वजाबाकी-बेरीज करून बघितली, १ − २ + ३ − ४ … अशी, तर शेवटी १ उरतो. ११ ने भागल्यावर बाकी १. बाद.

आता अंकांची बेरीज. १ ते ८ ची बेरीज ३६, ती दोनदा, मध्ये ९. एकूण ८१. म्हणजे ९ ने भाग जातो. (बेरीज ९ आली म्हणून ही मंगळाची संख्या, असं म्हणणाऱ्यांशी आपला संबंध नाही.)

इथे नवखे हमखास एक उडी मारतात: बेरीज ८१, म्हणजे ८१ ने पण भाग जाणार! थांबा. ३ आणि ९ साठी अंकांची बेरीज चालते, २७ आणि ८१ साठी नाही. १८९९ घ्या. अंकांची बेरीज २७, पण २७ ने भागलं तर ९ उरतात. तेव्हा ८१ चा प्रश्न वहीच्या कडेला लिहून ठेवा आणि पुढे चला.

तीन-तीनचे गट: खरी गंमत इथे आहे

अंकांची बेरीज ९ ला का चालते? १० ला ९ ने भागलं की १ उरतो, १०० ला भागलं तरी १, १००० ला तरी १. म्हणजे अंक कुठल्याही स्थानावर असो, बाकीच्या दृष्टीने त्याची किंमत तेवढीच. आता हाच विचार तीन अंकांच्या गटाला लावा. १००० ला ९९९ ने भागलं की १ उरतो. म्हणून तीन-तीनच्या गटांची बेरीज केली की ९९९ ची बाकी हातात येते. आणि ९९९ = २७ × ३७. एका बेरजेत २७ आणि ३७ दोघांचा निकाल.

१२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७. परत गट पाडा: २ + ९९७ = ९९९. काही उरलं नाही. आपल्या संख्येला ९९९ ने पूर्ण भाग जातो, म्हणजे २७ ने आणि ३७ ने जातोच. ३७ सारखा अवयव भागून भागून शोधायचा म्हटलं तर त्याच्या आधी अकरा मूळ संख्या पार कराव्या लागतात. इथे सहा संख्यांची बेरीज पुरली.

बेरजेऐवजी एक आड एक वजाबाकी केली की १००१ ची बाकी मिळते, कारण १००० म्हणजे १००१ ला एक कमी. आणि १००१ = ७ × ११ × १३. उजवीकडून: ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. आता ३०९ ला भागा. ७ ने बाकी १, ११ ने बाकी १ (वर आलीच होती, ताळा जमला), १३ ने बाकी १०. तिघंही बाद. एका ओळीत तीन मूळ संख्या निकालात निघाल्या.

हात बसवायला मुंबईचे पिनकोड उत्तम. सगळे ४०० ने सुरू होतात, त्यामुळे ४०० मधून शेवटचे तीन अंक वजा करायचे की झालं. फोर्टचा ४००००१: ४०० − १ = ३९९ = ७ × ५७, म्हणजे ७ ने भाग जातो. वांद्रे पश्चिम ४०००५०: ३५०, परत ७. पार्ले पूर्व ४०००५७: ३४३, म्हणजे ७ × ७ × ७, तोही ७ ने जातो (पण ३४३ ने जातोच असं नाही, ही कसोटी फक्त ७, ११, १३ साठी). कुर्ल्याचा ४०००७०: ३३०, ११ ने जातो. ग्रँट रोडचा ४००००७ वजाबाकीत काही देत नाही, पण बेरीज करा: ४०० + ७ = ४०७ = ३७ × ११. म्हणजे ३७ ने जातो! पुढे भागत गेलात तर तो १९ × ३७ × ५६९ निघतो. आपल्या घरचा पिनकोड घ्या, मग फोन नंबर घ्या. दहा अंकी नंबरचे चारच गट होतात. सीएसएमटीहून निघालेली स्लो लोकल भायखळ्याला पोचायच्या आत उत्तर मिळालं पाहिजे.

गट तीनचेच पाडायचे असं काही नाही. आपली संख्या उजवीकडून नऊ-नऊ अंकांत तोडा: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज करा. ९९९९९९९९९ येते, नऊ वेळा नऊ. त्याच युक्तिवादाने, या संख्येला नऊ नवांच्या संख्येनेही पूर्ण भाग जातो. भागाकार येतो १२३४५६७९. आठ गायब. ताळा तोंडी करता येतो: १२३४५६७९ वर नऊ शून्यं द्या आणि त्यातून १२३४५६७९ वजा करा.

ती पूर्ण वर्ग आहे का?

वर्ग ओळखायला आधी स्वस्त कसोट्या लावाव्यात. वर्गाच्या शेवटी २, ३, ७, ८ कधी येत नाहीत. अंकांची बेरीज एका अंकापर्यंत करत नेली की १, ४, ७, ९ यांपैकीच काहीतरी यायला हवं. विषम वर्गाला ८ ने भागलं की बाकी १ च उरते, आणि ८ साठी शेवटचे तीन अंक पुरतात: ३२१ = ८ × ४० + १. आपली संख्या तिन्ही ठिकाणी पास. पण पास झाली म्हणजे वर्ग आहे असं नव्हे. नापास झाली असती तर मात्र वर्ग नाही हे पक्कं झालं असतं आणि पुढचे कष्ट वाचले असते.

आता भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढायचं. शाळेत शिकवलेलं बहुतेक जण विसरतात, पण या संख्येवर ते करून बघाच. उजवीकडून जोड्या: १ २३ ४५ ६७ ८९ ८७ ६५ ४३ २१. नऊ गट, म्हणजे वर्गमूळ नऊ अंकी. दर वेळी आतापर्यंतच्या मुळाची दुप्पट करायची, तिच्या शेजारी नवा अंक लिहायचा, त्याच अंकाने गुणायचं, वजा करायचं आणि पुढची जोडी खाली उतरवायची.

१ − १ = ०
२३ − २१ = २
२४५ − २२१ = २४
२४६७ − २२२१ = २४६
२४६८९ − २२२२१ = २४६८
२४६८८७ − २२२२२१ = २४६६६
२४६६६६५ − २२२२२२१ = २४४४४४
२४४४४४४३ − २२२२२२२१ = २२२२२२२
२२२२२२२२१ − २२२२२२२२१ = ०

दर ओळीत मुळाचा नवा अंक १. बाकीकडे बघा: २, २४, २४६, २४६८ अशी वाढत जाते आणि मग एकेका अंकाने सपाट होत सरळ २२२२२२२ वर येते. शेवटी शून्य. वर्गमूळ आहे १११११११११, नऊ वेळा एक.

कडेला लिहून ठेवलेला ८१ चा प्रश्न आता आपोआप सुटला. संख्या वर्ग आहे, आणि वर्गात प्रत्येक मूळ अवयवाचा घात सम असतो. २७ ने, म्हणजे ३ च्या तिसऱ्या घाताने, भाग जातो हे गटांच्या बेरजेत दिसलंच होतं. तेव्हा चौथ्या घाताने जायलाच हवा. तसंच ३७ ने जातो म्हणजे १३६९ ने जाणार. एकही भागाकार न करता.

मूळ अवयव

सतरा अंकी संख्येचे अवयव पाडायचे नाहीत. वर्गमूळ मिळालंय, त्याचे पाडा आणि घात दुप्पट करा.

१११११११११ मध्ये १११ तीनदा शेजारी शेजारी बसलेत, म्हणून ते १११ × १००१००१ आहे. १११ = ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, भागून आलं ३३३६६७. याच्या अंकांची बेरीज २८, म्हणजे ३ चा खेळ इथे संपला.

आता ३३३६६७ मूळ आहे का? त्याचं वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे. म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या, एकशे सहा, मूळ संख्यांनी भागून बघायचं. बसायला जागा मिळाली तर कल्याणपर्यंत होईलही, पण थोडं पुढचं गणित लावलं तर काम कितीतरी हलकं होतं. ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९, म्हणजे याचा कुठलाही मूळ अवयव दहाच्या नवव्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला भागतो. आणि तो ९९९ ला भागत नाही: ९९९ चे मूळ अवयव ३ आणि ३७ एवढेच, त्यातला ३ वर बाद झाला आणि ३७ ने ३३३६६७ ला भागलं तर १ उरतो. तेव्हा फर्माच्या लहान प्रमेयावरून (२ आणि ५ सोडून कुठलीही मूळ संख्या घ्या, तिच्याहून १ ने लहान असा दहाचा घात करून त्यातून १ वजा केला की तिने भाग जातो) असा अवयव ९ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असायला हवा. विषम असल्यामुळे १८ च्या पटीपेक्षा १ ने जास्त. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या सतराच आहेत: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. एकेकाने भागा. १९ ने ८ उरतात, ३७ ने १, १६३ ने ६, ५७७ ने १६१. कुणाचीच बाकी शून्य येत नाही. ३३३६६७ मूळ आहे.

प्रमेय नको वाटत असेल तर एकशे सहा भागाकार करा, उत्तर तेच. पण ही युक्ती शिकून घेण्यासारखी आहे, विशेषतः घरात कुणी गणित ऑलिंपियाडची तयारी करत असेल तर. कुठे शोधायचंच नाही हे आधी ठरवून टाकणं, हाच तिथल्या संख्यांवरच्या प्रश्नांचा अर्धा जीव असतो.

तर पूर्ण चित्र असं: ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. जाता जाता ३७ × ३३३६६७ करून बघा. मघाचा आठ नसलेला १२३४५६७९ समोर येतो. आणि १ ला ८१ ने भागत बसलात तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं तेच चक्र फिरत राहतं.

अवयव मिळाले की बाकीचं झटपट

विभाजक किती? प्रत्येक घातात १ मिळवून गुणाकार: ५ × ३ × ३ = ४५. वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम येते, कारण बाकी सगळे विभाजक जोडीने येतात आणि वर्गमूळ स्वतःशीच जोडी लावतं. पंचेचाळिसांची बेरीज मूळ संख्येच्या दीडपटीहून थोडी जास्त होते. दुप्पट झाली असती तर ही परिपूर्ण संख्या ठरली असती आणि खळबळ उडाली असती, कारण विषम परिपूर्ण संख्या आजवर कुणालाच सापडलेली नाही.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटलं. आपल्या अंकांची बेरीज ८१, ८१ ने भाग जातो हे ठरलंय, आणि भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. तेव्हा ती हर्षदही आहे. १२३२१ ची बेरीज ९, तीही हर्षद. १२१ ची बेरीज ४, ती नाही.

पुढची पायरी तुमच्यावर सोडतो. दहा एकांचा वर्ग करा. उभी मांडणी करून सरळ गुणाकार मांडलात तर मधल्या स्तंभात १० येतात, हातचा घ्यावा लागतो, तो शेजारच्या ९ वर जाऊन त्याचेही १० करतो, आणि उत्तर निघतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढ-उतार मोडला. अंकांची बेरीज १०० यायची ती ८२ येते. एकेका हातच्यामागे ९ कमी होतात आणि हातचे दोन होते. ८२ सम, संख्या विषम, त्यामुळे हर्षदपणाही गेला. तीन-तीनचे गट पाडून ३७ आणि ७-११-१३ च्या कसोट्या लावा, मग अवयव पाडायला बसा. ११ ने भाग जातो हे दहा एकांकडे बघूनच कळेल. ४१, २७१ आणि ९०९१ शोधायला पेन्सिल लागेल.